सात खिंडींची मारातोना: डोलोमाइट्सला पहिल्यांदा जाणाऱ्या सायकलस्वारांसाठी

सिंहगड, पसरणी किंवा कसारा नेमाने चढणाऱ्या माणसाला आल्प्समधल्या चढाची धास्ती वाटायचं फारसं कारण नाही. जड जातं ते दोन चढांच्या मधलं सगळं. भल्या सकाळच्या गारठ्यातला लांबलचक उतार, आजूबाजूला हजारो सायकली, आणि हे सगळं रस्त्याच्या आपल्याला सवय नसलेल्या बाजूने. मारातोना या सायकलस्पर्धेसाठी तयारी करणारे आपल्याकडचे बहुतेक जण सगळा वेळ चढावर घालवतात. म्हणून या लेखात उतार, थंडी, गिअर आणि घड्याळ यांना जरा जास्त जागा दिली आहे.

मारातोना द्लेस डोलोमाइट्स ही उत्तर इटलीत, आल्प्समधल्या डोलोमाइट्स डोंगरांतल्या आल्टा बादिया खोऱ्यात होणारी हौशी सायकलस्वारांची एका दिवसाची स्पर्धा. इटलीत अशा मोठ्या राइडला ग्रान फोंदो म्हणतात. १९८७ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा १६६ जण होते. आता आठ-नऊ हजार जण सुटतात आणि अर्ज करणारे त्याच्या कितीतरी पट असतात. साधारणपणे जुलैच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेसहाला ला विला गावातून सुरुवात होते आणि शेवट कोर्वारात. त्या दिवशी सकाळी खिंडींमधले रस्ते मोटारींना बंद असतात. राई ही तिथली सरकारी वाहिनी सगळं थेट दाखवते. एकदा जुनं प्रक्षेपण शोधून पाहा, गर्दीचा अंदाज त्यातूनच येईल.

उंचीचाही अंदाज आधीच घ्या. ला विला १४३३ मीटरवर आहे, म्हणजे सुरुवातच महाबळेश्वरच्या वर होते. कोर्वारा साडेपंधराशे मीटरच्या पुढे, कळसूबाईच्या शिखराहून फार खाली नाही. तिथून पुढे खिंडी एकवीसशे-बावीसशे मीटरपर्यंत जातात. या उंचीवर दम अगदी कोंडत नाही, पण घरी जो वेग आरामात जमतो तो इथे थोडा महाग पडतो.

मार्ग: तीन पर्याय, एक फाटा

आयोजक तीन मार्ग देतात. सेल्लारोंदा सर्वांत छोटा, ५५ किमी आणि १७८० मीटर चढ. मधला १०६ किमी, ३१३० मीटर. पूर्ण मारातोना १३८ किमी, ४२३० मीटर. सिंहगडचा डांबरी घाट ढोबळमानाने ६०० मीटरचा धरला तर हे तीन, पाच आणि सात सिंहगड झाले, तेही लागोपाठ. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या राइड, करणाऱ्यांना १३८ हा आकडा किरकोळ वाटतो, कारण २०० किमीला साडेतेरा तास मिळायची त्यांना सवय असते. इथे सपाट रस्ता जवळजवळ नाहीच, त्यामुळे किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही. चढाचे मीटर मोजा.

ला विलातून कोर्वारापर्यंत जरा अंग गरम होतं आणि लगेच काम्पोलोंगो खिंड (१८७५ मी.) लागते. चढ ५.८ किमीचा, सरासरी ६.१ टक्के. खरं तर सोपा, पण सगळी गर्दी इथेच एकत्र असते. पलीकडे अराब्बात उतरलं की पोर्दोई (२२३९ मी.), ९.२ किमी, ६.९ टक्के. वळणं एकसारखी आणि चढ समजूतदार आहे, लय सापडते. जिरो द'इतालिया या शर्यतीच्या मार्गावरच्या सर्वांत उंच ठिकाणाला फाउस्तो कोप्पी या जुन्या इटालियन सायकलपटूच्या नावाने मान दिला जातो आणि तो मान पोर्दोईला अनेकदा मिळालाय. माथ्यावर कोप्पीचं स्मारकही आहे. त्यानंतर सेल्ला (२२४४ मी.), ५.५ किमी पण ७.९ टक्के. पोर्दोईवर उगाच जोर लावलेले लोक इथे गप्प होतात. मग गार्देना (२१२१ मी.), ५.८ किमी, ४.३ टक्के. चौघींत सर्वांत दयाळू. तिथून उतरलात की पुन्हा कोर्वारा.

सेल्लारोंदावाल्यांची राइड इथे संपते. बाकीचे दुसऱ्यांदा काम्पोलोंगो चढतात. तोच रस्ता सकाळी दाटीवाटीचा होता, आता बराच मोकळा असतो. अराब्बाहून खाली चेर्नादोईपर्यंत आलं की फाटा येतो. मधल्या मार्गाचे लोक इथून थेट फाल्झारेगोच्या वाटेला लागतात. पूर्ण मारातोनावाले कोल्ले सांता लुचियामार्गे ज्याउ खिंडीकडे जातात.

ज्याउ (२२३६ मी.) हा या दिवसाचा खरा हिशेब. ९.९ किमी, सरासरी ९.३ टक्के, २९ वळणं. सरासरीच नऊच्या वर, म्हणजे मध्ये कुठेही पाय मोकळे करायला जागा नाही. पहिले पाच चढ झाल्यावर, दुपारच्या उन्हात हे वाट्याला येतं. पलीकडे पोकोलला उतरायचं आणि तिथून फाल्झारेगो (२१०५ मी.) आणि त्याला जोडूनच वाल्पारोला (२१९२ मी.). दोन्ही मिळून ११.५ किमी, ५.८ टक्के. आकडे सौम्य आहेत, पण ज्याउनंतर ते आकडे फसवतात. पहिल्या महायुद्धात या डोंगरांतून इटली आणि ऑस्ट्रियाची आघाडी गेली होती. वाल्पारोलाजवळचा त्रे सास्सी किल्ला आता संग्रहालय आहे. राइडच्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे पाहणार नाही, पण दुसऱ्या दिवशी बसने जाऊन यायला हरकत नाही.

वाल्पारोलाहून सान कास्सियानोमार्गे ला विलात येता तेव्हा 'झालंच आता' असं वाटतं आणि समोर म्यूर द्ल ज्यात उभी राहते. जेमतेम तीन-साडेतीनशे मीटरची चढण, पण सर्वांत खडा भाग १९ टक्क्यांचा. इथे लोक आरडाओरडा करून धीर देतात. उतरून चालत गेलात तरी कुणी हसत नाही. त्यानंतर कोर्वारापर्यंतचे चार-पाच किलोमीटर हलका चढ.

कुठला मार्ग घ्यावा? सरधोपट सल्ला असा असतो की पहिल्या वर्षी छोटा घ्या. मला तो पटत नाही. नाव लागणं दुर्मिळ, एवढा खर्च करून गेल्यावर कोर्वारात सकाळीच थांबणं जिवावर येतं. तयारी पूर्ण मारातोनाची करा, निर्णय मात्र चेर्नादोईच्या फाट्यावर घ्या. तिथे तीन गोष्टी तपासा. शेवटच्या तासाभरात नीट खाल्लंय का? दुसऱ्या काम्पोलोंगोला पहिल्यापेक्षा फार जास्त वेळ तर नाही लागला? आकाश काळवंडतंय का? एकाही प्रश्नाचं उत्तर नको तसं आलं, तर फाल्झारेगोकडे वळा. मधला मार्गही सहा खिंडींचा आहे. तो 'अर्धवट' वगैरे नाही.

या फाट्याला वेळेची मर्यादाही असते. उशीर झाला तर ज्याउकडे सोडत नाहीत. ती वेळ आयोजक दर वर्षी जाहीर करतात, तेव्हा हिशेब घरीच मांडा. फाट्यापर्यंत चढ सुमारे दोन हजार मीटरचा आहे. तुम्ही सिंहगड तासाभरात चढत असाल तर तुमचा दर तासाला ६०० मीटर. म्हणजे फक्त चढांना साडेतीन तास, उतारांना साधारण एक तास, पाण्यासाठी थांबणं वीस मिनिटं. शिवाय सुरुवातीच्या रेषेवर रांगेत किती मिनिटं जातील ते वेगळंच. उत्तर मर्यादेच्या फार जवळ येत असेल तर सराव वाढवा, किंवा मधल्या मार्गाशी आधीच मैत्री करा.

नाव नोंदवणं आणि कागद

प्रवेश सोडतीने मिळतो. अर्ज आदल्या वर्षी, आपल्याकडच्या दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात, म्हणून सप्टेंबरपासूनच अधिकृत संकेतस्थळावर लक्ष ठेवा. सोडतीत नाव आलं नाही तरी काही प्रवासी कंपन्या हॉटेलसह जागा विकतात. महाग पडतं, पण पाचसहा जणांच्या गटाला तोच सोपा मार्ग ठरतो.

इटलीत स्पर्धात्मक सायकलिंगसाठी वैद्यकीय दाखला लागतो, आणि 'तब्येत ठणठणीत आहे' अशी फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी त्यासाठी चालत नाही. आयोजकांनी दिलेल्या नमुन्यातच डॉक्टरांची सही घ्या. ताणचाचणी, म्हणजे आपल्याकडे ज्याला टीएमटी म्हणतात ती, करून घेणं कागदासाठी आणि स्वतःसाठीही शहाणपणाचं आहे. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी ती टाळू नये. दाखला स्पर्धेच्या दिवशी वैध असायला हवा, त्यामुळे फार लवकर काढून ठेवू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच भेटीची वेळ घ्या. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो, पण त्यात सायकलस्पर्धा धरलेली असतेच असं नाही. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा आणि स्पर्धा व डोंगरातला बचाव या दोन्हींचा उल्लेख आहे का ते पाहा. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर त्याचं बिल फार मोठं असतं.

सराव: आपलं पंचांग वेगळं आहे

युरोपातल्या सरावाच्या तक्त्यांत मे आणि जून हे सर्वांत मोठ्या राइडचे महिने असतात. आपल्याकडे मे म्हणजे भट्टी आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून घाटात पाऊस. तो तक्ता जसाच्या तसा उचलला तर पंचाईत होते. मोठ्या राइड फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत उरकायच्या, एप्रिलपासून पहाटे साडेचारला निघायचं आणि दहाच्या आत सावलीत यायचं.

डिसेंबर-जानेवारीत पाया घाला. आठवड्याला आठ-दहा तास, बहुतेक वेळ बोलता येईल अशा गतीने. फेब्रुवारीपासून घाट वाढवा. पुणेकरांना सिंहगड सर्वांत सोयीचा. सलग तीनदा चढा आणि तिसऱ्या फेरीची वेळ पहिल्या फेरीच्या पाच मिनिटांच्या आत ठेवा. हे जमलं की सेल्लारोंदा तुमच्या खिशात. फेरी जास्तीत जास्त वेगाने मारण्यात काही हशील नाही, मोबाइलवर विक्रम झाला तरी ज्याउला त्याचं कौतुक नसतं. लांब चढाची सवय व्हायला पोलादपूरहून आंबेनळीमार्गे महाबळेश्वर गाठा. जवळजवळ समुद्रसपाटीवरून साडेतेराशे मीटरपर्यंत, चाळीसेक किलोमीटर. टक्केवारी डोलोमाइट्सपेक्षा कमी आहे, पण दोन-अडीच तास पेडल न थांबवता मारत राहणं आणि त्यातच खाणंपिणं, हे तिथे शिकता येतं. सातारकरांना यवतेश्वर-कास, कोल्हापूरकरांना गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, नाशिककरांना कसारा, गोव्यातल्यांना चोर्ला आणि अनमोड.

मार्च-एप्रिलमध्ये एक मोठा शनिवार-रविवार ठरवा. पहिल्या दिवशी वाई-पाचगणी-महाबळेश्वर-केळघर-मेढा, दुसऱ्या दिवशी तेच उलट. पाय थकलेले असताना पुन्हा चढायला लागणं हाच इथे सराव. अशा दोन-तीन जोडराइड मेच्या मध्याआधी झाल्या तर पुरे. जूनमध्ये राइड छोट्या करा, तीव्रता थोडी ठेवा. पावसाळी घाटात शेवाळ, दरडी आणि धबधबे बघायला आलेल्या गाड्या असतात. स्पर्धेला तीन आठवडे असताना तिथे हाड मोडून घेण्यात शहाणपण नाही, त्यापेक्षा घरातला ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, बरा. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावायचा सराव मात्र जरूर करा, पण गावाजवळच्या एखाद्या सौम्य उतारावर.

थंडीचा सराव महाराष्ट्रात करता येत नाही असं लोक समजतात. जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठायच्या बातम्या येतात, त्या दिवसांत पहाटे महाबळेश्वरहून निघून पसरणी उतरा. पाचगणीच्या पुढे बोटं ब्रेक नीट दाबतात का, जॅकेट वाऱ्याने फडफडतं का, डोळ्यांतून पाणी येतं का, हे सगळं तिथे कळतं. हातमोजे विकत घेण्याआधी ही राइड करा.

सायकल आणि गिअर

आकड्यांतच सांगतो. पुढच्या चक्राला ३४ दात, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३४ दात, मिनिटाला ६० पेडल. वेग येतो ताशी साडेसात किलोमीटर. त्या वेगाने ज्याउला एक तास वीस मिनिटं लागतात आणि माणूस-सायकल-सामान मिळून ८५ किलो धरलं तर १७० वॅटच्या आसपास ताकद लागते. आता मागे ३४ ऐवजी २८ दात असतील तर तितकेच पेडल मारायला २१० वॅट लागतील. ते नाही जमलं की पेडलची गती पन्नासच्या खाली जाते, गुडघे कुरकुरतात आणि पाठ धरते. ही निवड दुकानात होऊन जाते, घाटात तिच्यावर काही उपाय नसतो. तेव्हा पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ हे किमान समजा. त्याहून हलका गिअर बसत असेल तर लाज न बाळगता बसवा.

सायकल न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? आठवड्याभराचा मुक्काम असेल आणि सायकल मापात असेल तर न्या. नाहीतर कोर्वारा-ला विलात चांगल्या रोडबाइक भाड्याने मिळतात, मात्र आधी आरक्षण करा आणि आपलं सीट, पेडल आणि मापं घेऊन जा. भाड्याची सायकल हाती आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे कुठल्या हाताला पुढचा ब्रेक आहे ते तपासायचं. इटलीत तो सहसा डाव्या हाताला असतो, तुमच्या घरच्या सायकलीला उजव्या हाताला असू शकतो. घाबरून दाबलेला चुकीचा ब्रेक उतारावर महागात पडतो. सायकल नेत असाल तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून गुंडाळा. टायरमध्ये हवा भरायच्या गॅस-कार्ट्रिज विमानतळावर अडवल्या जाऊ शकतात, त्या तिथे घ्या. छोटा हातपंप मात्र बरोबर हवाच. घरून निघण्याआधी ब्रेकपॅड नवे घाला आणि थोडे वापरून बसू द्या.

उतार, थंडी, गर्दी

जुलै असला तरी सकाळी साडेसहाला ला विलात पारा एक आकडी असू शकतो. रांगेत तुम्ही त्याआधी तासभर उभे असता. पोर्दोईच्या माथ्यावर घामाने भिजलेले पोचता आणि लगेच सावलीतला उतार सुरू होतो. खाली येईपर्यंत बोटं बधिर झाली की ब्रेक आणि गिअर दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणून माथ्यावर पोचायच्या आधी, शेवटच्या एक-दोन वळणांत, जर्सीची झिप पुरती वर ओढा, एक हात काढून जॅकेट बंद करा. जमत नसेल तर माथ्यावर कडेला नीट थांबून. वारा अडवणारं पातळ जॅकेट, बाह्यांचे स्लीव्ह, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गळ्याला कापड, हे सगळं जर्सीच्या तीन खिशांत मावतं. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा कागद ठेवायची जुनी युक्ती अजूनही चालते. सकाळी रांगेत बऱ्याच जणांकडे तो दिसेल. दुपारी डोंगरात वीज-पाऊस येतो, त्यामुळे 'ऊन आहे' म्हणून जॅकेट हॉटेलवर ठेवू नका.

आता बाजू. इटलीत रस्त्याची उजवी बाजू आपली. हळू जाणाऱ्याने उजवीकडे राहायचं, ओलांडणारा डावीकडून जातो. बोलायला सोपं वाटतं, पण आपल्या अंगात भारतातले घाट भिनलेले असतात. आपल्याकडे उतरताना डावीकडचं वळण आतलं, म्हणून घट्ट, आणि उजवीकडचं मोकळं. तिथे नेमकं उलट. उजवीकडचं वळण घट्ट असतं आणि तिथेच नवखे लोक बाहेर फेकले जाऊन मधल्या रेषेपलीकडे जातात. गर्दीत पलीकडे कुणीतरी तुम्हाला ओलांडत असतं. म्हणून आधीच्या दिवसांत काम्पोलोंगो एकदा चढून-उतरून या. तेव्हा रस्ते वाहतुकीला खुले असतात आणि मोटरसायकलींचे ताफे जोरात येतात, तेव्हा जपून.

उतरताना हात हँडलच्या खालच्या भागात, वजन बाहेरच्या पेडलवर, नजर वळणाच्या शेवटावर. ब्रेक वळणाच्या आधी जोरात आणि थोडा वेळ लावा, मग सोडा. सतत धरून ठेवलेला ब्रेक तापतो, डिस्क असो वा रिम. मागचा सायकलस्वार काय करेल याची चिंता करू नका, तो तुम्हाला बघतोय. तुम्ही फक्त एका रेषेत, अचानक न वळता उतरा. थांबायचं असेल तर हात दाखवून उजवीकडे सरकत. माझं स्पष्ट मत आहे की या राइडमध्ये उतारावर मिळवलेल्या मिनिटांना काडीचीही किंमत नाही. ज्याला वेळ वाचवायचा आहे त्याने पाण्याच्या थांब्यावर कमी गप्पा माराव्यात.

खाणंपिणं

तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पहिले दोन तास पीत नाहीत आणि ज्याउवर पोटऱ्यांत गोळे येतात. सकाळी पहिल्या काम्पोलोंगोच्या चढावरच खायला सुरुवात करा. दर वीस मिनिटांनी एक घास, घड्याळाचा गजर लावून.

थांब्यांवर केळी, ब्रेड, केक, पेयं भरपूर मिळतात. शाकाहारी असाल तर भरलेल्या पावात मांसाचे काप नाहीत ना हे विचारून घ्या. तिकडे डुकराच्या मांसाचे पातळ काप सर्रास असतात. आपलं काहीतरी बरोबर असलेलं चांगलं. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळीचे तुकडे, मिठाची पुडी. चिक्की गारठ्यात फार कडक होते, चावताना दम लागतो, म्हणून ती सकाळसाठी नको, ज्याउच्या आधीच्या सपाटीसाठी ठेवा. एनर्जी जेल वापरणार असाल तर सरावात वापरलेलेच. कचरा मात्र खिशातच. रस्त्यावर काही टाकलंत तर बाद केलं जातं, आणि हा नियम तिथे गांभीर्याने पाळतात.

पोचल्यावर

जवळचे मोठे विमानतळ व्हेनिस, व्हेरोना, इन्सब्रुक आणि म्युनिक. रेल्वेने ब्रुनिकोपर्यंत येऊन पुढे बस मिळते. बुधवार-गुरुवारपर्यंत पोचा. झोपेचं घड्याळ साडेतीन तासांनी सरकलेलं असतं आणि उंचीशीही जुळवून घ्यायचं असतं. हॉटेल महाग आणि लवकर भरतात. कोर्वारात जागा नसेल तर अराब्बा किंवा खोऱ्यात खालच्या गावांत बघा, पण सुरुवातीच्या ठिकाणी पहाटे सायकलने कसं पोचणार याचा विचार करूनच.

पाट्या तीन भाषांत असतात. लादिन, जर्मन आणि इटालियन. ला विला म्हणजेच ला इला म्हणजेच श्टेर्न. गार्देना खिंडीला जर्मनमध्ये ग्र्योडनर योख म्हणतात. मोबाइलच्या नकाशात एक नाव आणि पाटीवर दुसरं, यात पहिल्या दिवशी बरेच जण गोंधळतात. नंबर, चिप आणि इतर सामान ओळखपत्र दाखवून आधीच घ्यायचं असतं. सुरुवातीचे गट ठरलेले असतात, आपल्याच गटात उभे राहा. चिपची वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यावरच सुरू होते, त्यामुळे मागे उभं राहण्यात वेळेचं नुकसान नाही. फाट्याच्या मर्यादेचं मात्र असू शकतं, ते मघाच्या हिशेबात धरा.

पहिल्या काम्पोलोंगोवर लोक दोन्ही बाजूंनी ओलांडायला बघतील. बघू द्या. श्वास नाकातून घेता येईल इतक्याच गतीने चढा. हीच शिस्त पोर्दोईवर पाळलीत तर सेल्लावर तुम्ही लोकांना ओलांडायला लागाल.

नाव लागलं नाही तर

निराश होऊ नका, कारण याच रस्त्यांवर सोडतीशिवाय जाण्याची एक सुंदर सोय आहे. जूनमध्ये एका शनिवारी सेल्लारोंदा बाइक डे असतो. काम्पोलोंगो, पोर्दोई, सेल्ला आणि गार्देना या चारही खिंडी काही तासांसाठी मोटारींना बंद ठेवतात. प्रवेशशुल्क नाही, चिप नाही, वैद्यकीय दाखलाही नाही. घरच्यांबरोबर, भाड्याच्या विजेच्या सायकलवर, मध्ये कॉफीला थांबत करणारे लोकही असतात. जूनमध्येच डोलोमाइट्स बाइक डे असतो, त्यात काम्पोलोंगो, फाल्झारेगो आणि वाल्पारोला येतात. दोन्हींच्या तारखा जुळवून मुक्काम आखला तर ज्याउ सोडून मारातोनाचा जवळजवळ सगळा रस्ता पायांखालून जातो, आणि ज्याउ एखाद्या मधल्या वारी, लवकर सकाळी, गाड्या कमी असताना चढता येतो. जून लवकरचा असेल तर खिंडींच्या कडेला बर्फ साचलेला असू शकतो, तेव्हा पूर्ण बोटांचे हातमोजे त्या वेळीही बरोबर ठेवा.